तारुण्यपीटिका जातात केव्हां ?

इंदापूरच्या एका भगिनी लिहितात, "मुलीनें चोविसावें वर्ष गांठलें, तरी मुरूम हटत नाहींत. पंधरवड्यानें पाहुणे यावयाचे. दुकानांतलें गोरेपणाचें मलम लावूं काय?"

मुळींच नको ! अशा मलमांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें. चार दिवस कांति उजळते. मागाहून त्वचा पातळ होऊन मुरूम दुणावतात.

सुश्रुतानें ह्यांस शाल्मलीच्या कांट्यांची उपमा दिली आहे. बहुतेकांचे मुरूम पंचविशीच्या सुमारास ओसरतात. कांहीं स्त्रियांस मात्र ते चाळिशीपर्यंतहि छळतात. पाळी अनियमित असल्यास डॉक्टरांकडून तपासणी अवश्य करवावी. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन हीं औषधें गुणकारी खरीं; पण आठ ते बारा आठवडे धीर हवा. तोंवर पाहुण्यांस थांबवावें कीं कसें, तें मुलीसच विचारा. फोड फोडणें मात्र आजच बंद करावें, वण राहतात.