पलीकडच्या गल्लीतले दुःख



17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, गावोगाव झेंडा लागतो. 1948 साली याच महिन्यात सोलापूरकडून आलेल्या फौजेने नळदुर्ग घेतले आणि पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. रझाकारांनी जाळलेली घरे, लुटलेले धान्य, मारलेली माणसे यांच्या आठवणी घराघरांत आहेत. त्या खऱ्या आहेत. त्या कुणी विसरू नयेत.

पण त्याच गावात दुसरी गल्ली आहे. तिथे 'पोलीस ॲक्शन' म्हटले की म्हातारी माणसे गप्प होतात. नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती 1948 च्या अखेरीस आपल्या मुलखात फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत त्या कारवाईत आणि तिच्यानंतर 18 हजारांहून कमी माणसे मेली नसावीत, असा तिचा अंदाज होता. मेलेले बहुतेक मुसलमान. हा अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात पडून राहिला.

रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील. तेव्हा लातूर आपल्याच जिल्ह्यात होते. तो तुरुंगातून सुटून 1957 साली पाकिस्तानात गेला. त्याच्या पापाची वसुली मात्र ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती, त्यांच्याकडूनही झाली. रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून हैदराबादेत ज्याचा खून झाला, तो संपादक शोएबुल्ला खानही मुसलमानच होता, हे किती जणांना माहीत आहे?

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले. त्यात काहींनी स्वतःचा जीवही गमावला. एकच धंदा करणाऱ्यांत ही माया जास्त दिसली, असे समितीने लिहिले. आम्हांला ही ओळ फार मोलाची वाटते. शेतकऱ्यांचाही धंदा एकच. निजामाची लेव्ही ज्वारी मोजून घेताना जात-धर्म विचारत नव्हती. आज कापसाचा भाव पाडणाराही विचारत नाही.

माती तपासायची तर एका कोपऱ्यातली ढेकळे उचलून भागत नाही, सगळ्या रानातून नमुने घ्यावे लागतात. हे आम्ही वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना शिकवले. गावच्या इतिहासाचा नमुना मात्र आम्हीही एकाच गल्लीतून घेत आलो. ही आमची चूक.

1948 साली जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. फार थोडे उरले आहेत. येत्या झेंडावंदनानंतर दोन्ही गल्ल्यांतल्या म्हाताऱ्यांना एका पारावर बसवा. कुणाचे जास्त मेले हा हिशेब नको. वाद घालू नका, मध्ये बोलू नका. फक्त ऐका. एवढे जमले तर भावाच्या लढ्यात खांद्याला खांदा लावायला कुणाला हाका माराव्या लागणार नाहीत.