एकाने तरी उत्तर द्यावे

आपल्या प्रत्येक घरातल्या मोबाइलमध्ये आज चार-सहा व्हॉट्सॲप ग्रुप असतातच. एक खानदानाचा, एक मोहल्ल्याचा, एक मशिदीच्या जमातीचा, एक मुलांच्या शाळेचा. घरातले कोणी हजला निघाले असेल तर सोबतच्या हाजी लोकांचा आणखी एक. पूर्वी जी विचारपूस ओट्यावर, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर किंवा शादीच्या मंडपात व्हायची, तिच्यातली बरीचशी आता इथे होते. त्यामुळे या ग्रुपवर आपण कोणाला कसे उत्तर देतो आणि कोणाला देतच नाही, हा आता अखलाकचा प्रश्न झाला आहे.

नेहमी घडणारी एक गोष्ट पाहा. मोहल्ल्यात नव्याने राहायला आलेली एक बहीण सलाम करून ग्रुपवर विचारते, ‘लहान मुलींना कुरआन शिकवणाऱ्या कोणी आपा जवळपास आहेत का?’ दोनशे लोक तो संदेश पाहतात. प्रत्येकाला वाटते, दुसरे कोणी सांगेलच. तेवढ्यात सुप्रभातचे फूल येते, मग लांबलचक फॉरवर्ड, मग कोणाच्या तरी निकालाच्या मुबारकबादीची रांग. प्रश्न वर सरकत जाऊन नजरेआड होतो. ती पुन्हा विचारत नाही. काही दिवसांनी ग्रुप सोडते आणि तेही कोणाच्या लक्षात येत नाही. तिला कोणी वाईट बोलले नाही, पण उत्तरही कोणी दिले नाही. या मोहल्ल्यात आपले कोणी नाही, एवढे मात्र तिला कळून चुकले.

जे काम सगळ्यांचे, ते कोणाचेच नाही, असे आपल्याकडे होते. आपल्या दीनने या दुखण्यावर फार पूर्वी उपाय सांगून ठेवला आहे. जनाजाची नमाज ‘फर्जे किफाया’ आहे हे आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. वस्तीतल्या काही जणांनी ती अदा केली तर सगळ्यांची जबाबदारी उतरते, कोणीच केली नाही तर सगळेच गुन्हेगार. सलामच्या उत्तराचेही तसेच आहे. सूरह निसामध्ये (४:८६) हुकूम आहे की कोणी सलाम केला तर त्याहून चांगल्या शब्दांत किंवा निदान तेवढ्याच शब्दांत परत करावा. बसलेल्या जमावाला कोणी सलाम केला तर त्यांच्यापैकी एकाने उत्तर दिले तरी पुरते, अशा अर्थाची हदीस हजरत अली (रजि.) यांच्याकडून सुनन अबू दाऊदमध्ये आली आहे.

आम्हाला वाटते, ग्रुपवर वागण्याचा अर्धा अदब या एका नियमात आहे. एकाचे उत्तर पुरते, म्हणून प्रत्येक सलामखाली दीडशे वेळा ‘वअलैकुम अस्सलाम’ टाइप करत बसण्याची गरज नाही. मात्र एकानेही दिले नाही तर ते देणे सगळ्यांच्या अंगावर राहते.

पहिली बाजू विसरल्याने काय होते, ते मय्यतीच्या खबरीत दिसते. इंतिकालची बातमी आली की तिच्याखाली दुआंचे संदेश धडाधड पडतात. भावना चांगलीच असते. पण जनाजा किती वाजता, नमाज कोणत्या मशिदीत, दफन कोणत्या कब्रस्तानात, ही माहिती त्या गर्दीत दबून जाते. मग दूर राहणारा भाचा जुहरला पोहोचतो, तेव्हा माती देऊन लोक परत निघालेले असतात. दुआ टाइप केली तरच कबूल होते असे थोडेच आहे? ती जिभेने करावी, मनापासून करावी. ग्रुपवर वेळ आणि ठिकाण सांगणारा एकच संदेश असावा. ॲडमिनने तो वर पिन करून ठेवावा आणि घरच्यांना दोन शब्द लिहायचे असतील तर ते त्यांच्या नंबरवर लिहावेत.

दुसरी बाजू, म्हणजे उत्तरच न देणे, अधिक जड आहे. पत्राचे उत्तर देणे हे सलामला उत्तर देण्यासारखाच हक्क आहे, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे मत इमाम बुखारी (रह.) यांनी ‘अल-अदबुल मुफरद’ या ग्रंथात नोंदवले आहे. त्या काळी पत्र उंटावरून यायचे आणि उत्तर पोहोचायला आठवडे लागायचे. आपल्याला अंगठा हलवायचा असतो, तरी तो हलत नाही.

पुष्कळदा आपण उत्तर टाळतो, कारण ‘नाही’ म्हणायला जीव धजत नाही. कोणी नोकरीसाठी शब्द टाकायला सांगितलेले असते, कोणी उधार मागितलेले असते, कोणी मुलीच्या स्थळाबद्दल विचारलेले असते. पण उत्तर देणे म्हणजे होकार देणे नव्हे. ‘तुमचा संदेश मिळाला, गुरुवारपर्यंत विचारून सांगतो’ हेही उत्तर आहे. ‘माफ करा, या वेळी जमणार नाही’ हेही उत्तर आहे आणि समोरच्याला दुसरा दरवाजा ठोठावण्याची मोकळीक देणारे आहे. गप्प बसलो की तो माणूस आपल्या दारात अडकून पडतो.

इथे ‘इन्शाअल्लाह’बद्दलही बोलायला हवे. सूरह कहफमध्ये (१८:२३-२४) शिकवण आहे की उद्या अमुक करीन असे म्हणताना अल्लाहच्या मर्जीचा उल्लेख करावा. म्हणजे काम करण्याची पक्की निय्यत आधी, आणि अल्लाहवर हवाला त्यासोबत. आपल्याकडे मात्र हा मुबारक शब्द सौम्य नकाराच्या जागी वापरला जातो. ‘बघू, इन्शाअल्लाह’ म्हटले की काम होणार नाही, हे आता लहान पोरेही ओळखतात. करायचे नसेल तर तसे नरमाईने सांगावे, पण अल्लाहच्या नावाआड लपू नये.

उत्तर मागणाऱ्यालाही अदब आहेच. कोणाच्या घरी गेल्यास तीन वेळा इजाजत मागावी, मिळाली नाही तर परतावे, ही हदीस हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी हजरत उमर (रजि.) यांना ऐकवल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. सूरह नूरमध्येही (२४:२८) ‘परत जा’ म्हटले तर परत जाण्यातच तुमची पाकीजगी आहे, अशी ताकीद आहे. ही शिकवण फोनलाही लागू पडते. एका संदेशामागे पाच प्रश्नचिन्हे, लगेच कॉल, मग व्हिडिओ कॉल हे दार ठोठावणे नाही, ते दार हलवणे झाले. दोन निळ्या खुणांचा अर्थ संदेश उघडला गेला एवढाच असतो. उघडणारा माणूस दवाखान्याच्या रांगेत आहे, रिक्षा चालवतो आहे की मांडीवरचे मूल झोपवतो आहे, हे त्या खुणा सांगत नाहीत. ‘निळे झाले तरी उत्तर नाही, भारीच मिजास आली आहे’ असे म्हणणे म्हणजे सूरह हुजुरातने (४९:१२) ज्याला मनाई केली, ते बदगुमानीचेच पाप आहे.

आता नव्या माणसाकडे वळू. ग्रुपमध्ये नवी आलेली सून असते, बदली होऊन आलेले कुटुंब असते, नुकताच दीनकडे वळलेला तरुण असतो, पहिल्यांदाच स्मार्टफोन हाती घेतलेल्या नानी असतात. त्यांच्याकडून चुका होणारच. तोच प्रश्न पुन्हा विचारतील, वेळी-अवेळी आवाजी संदेश टाकतील, अफवा पुढे ढकलतील. अशा वेळी जुने मंडळी काय म्हणतात? ‘आधी वर वाचत जा’, ‘हा ग्रुप त्यासाठी नाही’. आणि सोबत हसणारे चेहरे.

सहीह मुस्लिममध्ये हजरत मुआविया बिन हकम (रजि.) यांचा प्रसंग आहे. ते इस्लाममध्ये नवीन होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मागे जमातीत नमाज पढत असताना कोणाला तरी शिंक आली आणि त्यांनी नमाजमध्येच मोठ्याने दुआ दिली. लोक त्यांच्याकडे रोखून पाहू लागले. ते गांगरले, आणखी बोलले. मग लोकांनी मांड्यांवर हात मारून त्यांना गप्प केले. नमाज संपल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना ना रागावले, ना मारले, ना लागट बोलले. नमाजमध्ये लोकांशी बोलणे चालत नाही, तिथे तस्बीह, तकबीर आणि कुरआनपठणच असते, एवढे समजावून सांगितले. आपण याहून चांगला शिकवणारा ना आधी पाहिला ना नंतर, असे हजरत मुआविया (रजि.) सांगत.

या प्रसंगाचा पुढचा भाग आम्हाला तितकाच महत्त्वाचा वाटतो. त्यांनी त्याच बैठकीत प्रेषितांना (स.) आणखी प्रश्न विचारले: भविष्य सांगणाऱ्यांबद्दल, शकुन-अपशकुनाबद्दल. अपमान झाला नाही म्हणून पुढचा प्रश्न विचारण्याचा धीर राहिला. मांड्यांवर हात मारणाऱ्यांवरच गोष्ट संपली असती तर कदाचित ते प्रश्न मनातच राहिले असते. आपल्या ग्रुपवर असे किती प्रश्न मनात राहून जातात, याचा हिशेब कोण ठेवतो?

म्हणून चूक सुधारायची असेल तर ती सर्वांसमोर नको. त्या व्यक्तीच्या नंबरवर स्वतंत्र संदेश पाठवण्याची सोय आहेच. खोटी बातमी असेल तर ती खोटी आहे हे ग्रुपवर सांगणे जरूर आहे, नाहीतर ती पसरत जाईल. पण बातमी खोडावी, माणसाला झोडू नये.

नव्याचे स्वागत म्हणजे फुलांची चित्रे टाकणे एवढेच नव्हे. हिजरतनंतर मदीनेत प्रेषितांनी (स.) एकेका मुहाजिरला एकेका अन्सारीचा भाऊ करून दिले. पाहुण्यांची जबाबदारी ‘सर्व अन्सारांवर’ अशी मोघम सोडली नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना हजरत सअद बिन रबीअ (रजि.) हे भाऊ मिळाले. सअद (रजि.) यांनी आपली अर्धी दौलत देऊ केली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना दुआ दिली आणि बाजार कुठे आहे तेवढे विचारले. नव्या माणसाची गरज बहुधा अशीच असते. बाजार कुठे, चांगला डॉक्टर कोण, मुलींच्या शाळेचा रिक्षावाला भरवशाचा आहे का, बायकांसाठी नमाजची जागा कोणत्या मशिदीत आहे. ग्रुपमध्ये कोणी नवे आले की ॲडमिनने एका जुन्या सदस्याला सांगावे, ‘यांना तुम्ही सांभाळा.’ बहिणीसाठी बहीण, भावासाठी भाऊ. फर्जे किफाया पार पडायचा तर कोणाचे तरी नाव ठरलेले बरे.

पण स्वागताच्या आधी इजाजत हवी. ग्रुपमध्ये घेतले की त्या व्यक्तीचा नंबर तिथल्या सगळ्यांना दिसतो, ओळखीच्यांना आणि अनोळखींनाही. घरातल्या सुनेला, पुतणीला न विचारता मोठ्या ग्रुपमध्ये टाकणे म्हणजे तिच्या दाराची किल्ली वाटण्यासारखे आहे. आधी विचारावे. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल, हे व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ठरवता येते. ते घरातल्या मुलींनी आणि आयांनी एकदा उघडून पाहावे.

ईमेलबद्दलही थोडे, कारण मुलांचे प्रवेश, शिष्यवृत्ती आणि नोकरी यांचा व्यवहार तिथे चालतो. इंटेल कंपनीतील सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेली इंटरनेट शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने ती ओळखली जाते. तिच्यातला सल्ला आजही जुना झालेला नाही: उत्तर देताना मूळ पत्रातला जरुरीपुरताच भाग सोबत ठेवावा आणि राग आला असेल तर रात्र जाऊ द्यावी, मग उत्तर पाठवावे. आपल्याकडे रागावलेल्याने बसावे, वुजू करावे अशी शिकवण आहेच. ईमेल लिहिणाऱ्याला ती दुप्पट लागू पडते, कारण तोंडचे शब्द लोक विसरतात, लिहिलेले राहते.

शिष्यवृत्ती किंवा जकातचे काम पाहणाऱ्या आपल्या संस्थांना एक खास विनंती. सर्व अर्जदारांना एकाच ईमेलने कळवताना त्यांचे पत्ते ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये टाकले तर कोणी कोणी मदत मागितली, हे प्रत्येकाला कळते. ते पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात टाकावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. उत्तर देणाऱ्यानेही ‘रिप्लाय ऑल’ दाबण्याआधी थांबावे. गरजूंना मदत गुपचूप देणे अधिक चांगले, अशी शिकवण आपल्याला आहे (२:२७१). एका चुकीच्या रकान्यामुळे एखाद्या विधवेची अब्रू चारचौघांत जाता कामा नये.

हे सारे एका दिवसात जमणार नाही. या महिन्यात प्रत्येकाने आपल्या एका ग्रुपपुरते पाहावे. मागच्या आठवड्यात कोणाचा प्रश्न तसाच राहिला आहे का? राहिला असेल तर उत्तर द्यावे. उत्तर माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, पण अमुक बाजींना विचारून सांगते’ एवढे लिहावे आणि खरेच विचारून सांगावे. मजलिसमध्ये इतरांसाठी जागा करून द्या, अल्लाह तुमच्यासाठी जागा करील, असा वायदा सूरह मुजादलामध्ये (५८:११) आहे. आपली मजलिस आता हातातल्या फोनमध्येही भरते. तिथेही सरकून बसण्याची तौफिक अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.