पत्ता जपून ठेवा, ऐन वेळी धावपळ नको



गेल्या वर्षी आमच्या घरी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. त्याच्या आदल्या वर्षी तो महाडीबीटीच्या संकेतस्थळावर याच मोबाइलवरून भरला होता. पण पत्ता कोणी जपून ठेवला नव्हता. "हिस्टरीत असेल," म्हणून आम्ही शोधले, तर काहीच नाही. मुदत संपत आलेली. घाईघाईने गुगलवर नाव टाकले आणि सर्वांत वर आले ते पान उघडले. अर्ज भरण्याचे साडेतीनशे रुपये मागितले, तेव्हा मुलगीच म्हणाली, "पप्पा, हे सरकारी नाही वाटत." पैसे वाचले, पण योग्य जागा सापडेपर्यंत अर्धी रात्र गेली.

चूक आमचीच होती. क्रोममध्ये हिस्टरी साधारण ९० दिवसांपर्यंतचीच दिसते. शिष्यवृत्तीचा अर्ज येतो वर्षाने. तेव्हा जे पान पुन्हा लागणार आहे, त्याला लगेच खूण करून ठेवावी. या खुणेलाच बुकमार्क म्हणतात.

मोबाइलवर क्रोममध्ये पान उघडे असताना तीन ठिपके दाबावेत आणि ताऱ्यावर बोट ठेवावे. झाली खूण! संगणकावर कंट्रोल आणि डी ही बटणे एकत्र दाबली की तेच काम होते.

पण नुसत्या खुणा करून भागत नाही. शंभर खुणा एकाच ठिकाणी पडल्या, तर त्या असून नसल्यासारख्याच. मिसळणाच्या डब्यात प्रत्येक वाटीची जागा ठरलेली असते, तसे येथेही कप्पे करावेत. त्यांना फोल्डर म्हणतात. आमच्या घरी पाचच आहेत : शिक्षण, दाखले, नोकरी, बिले, दवाखाना. कप्पे फार वाढवू नयेत. नाहीतर कोणती गोष्ट कोठे ठेवली, हेच आठवत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. पानाचे आपोआप येणारे नाव लांबलचक असते. बुकमार्कच्या यादीत त्या नावाशेजारचे तीन ठिपके दाबून ते बदलता येते. ज्या कामासाठी पान लागते, ते नाव मराठीत द्यावे : 'शिष्यवृत्ती – ताईचा अर्ज', 'वीजबिल – घरचे'. पुढे यादीतल्या शोधपट्टीत 'शिष्य' एवढे टाकले तरी पान समोर येते. संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि ओ ही तिन्ही बटणे दाबली की सारी यादी उघडते.

खूण करण्यापूर्वी मात्र पूर्ण पत्ता वाचावा. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते बहुतेक 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असे संपतात. ही अक्षरे पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी हवीत. फसवी पाने ती मध्येच कोठेतरी घुसडतात. एकदा खात्रीने केलेली खूण पुढच्या वर्षी फसवणुकीपासूनही वाचवते. खूण नेहमी मुख्य पानाला करावी. आत गेल्यानंतरचे किंवा पैसे भरतानाचे पान पुन्हा बहुधा उघडत नाही.

एक गोष्ट विसरू नये. बुकमार्कमध्ये फक्त पत्ता राहतो, मजकूर राहत नाही. पान हलवले किंवा काढून टाकले, तर आपल्या हाती रिकामा पत्ता उरतो. म्हणून अर्जाची पोचपावती, जाहिरात, निकाल यांची पीडीएफ उतरवून घ्यावी आणि अर्जाचा क्रमांक वहीत लिहावा. पासवर्ड मात्र खुणेच्या नावात कधीही लिहू नये. ती यादी फोन हाती घेणाऱ्या कोणालाही दिसते. सायबर कॅफेतल्या संगणकावर आपल्या खुणा ठेवू नयेत, तेही याच कारणाने.

फोन बिघडला किंवा हरवला तर? क्रोममध्ये आपल्या गुगल खात्याने साइन इन करून सिंक चालू ठेवले असेल, तर नव्या फोनवर त्याच खात्याने खुणा परत येतात. ते खाते घरातल्या कोणाचे आहे आणि त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, एवढे आजच विचारून घ्यावे. पुष्कळ घरांत फोन दुकानदाराने चालू करून दिलेला असतो आणि खाते कोणते, हे कोणालाच माहीत नसते!

महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला घेऊन दहा मिनिटे बसावे. बंद पडलेल्या खुणा काढाव्यात, नव्या कप्प्यांत लावाव्यात. आईलाही तारा कोठे आहे ते दाखवावे. घरात एकालाच येणारे काम तो कामावर गेला की अडते.

आमच्याकडे यंदा अर्ज भरण्याची वेळ आली, तेव्हा मुलीने 'शिष्य' टाकले आणि पान उघडले. त्या रात्री सारे वेळेवर जेवलो.