गिरिजाबाईंची दुसरी चूल

आज फाल्गुन वद्य षष्ठी. शके १५२१ मध्ये याच तिथीस शांतिब्रह्म एकनाथ महाराजांनी गोदामाईच्या पात्रात देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला अनुग्रह, नाथांची व त्यांची पहिली भेट, स्वामींचे महानिर्वाण आणि नाथांची जलसमाधी या पाचही गोष्टी याच तिथीला घडल्या, अशी परंपरेची श्रद्धा आहे. म्हणून वारकरी या दिवसाला पंचपर्व म्हणतात. नाथवाड्यातला रांजण भरण्याचा विधी तुकाराम बीजेपासून सुरू होतो. श्रीखंड्याच्या कावडीचे स्मरण म्हणून भाविक घागर घागर पाणी त्यात ओततात. अष्टमीला काला होतो आणि दिंड्या परतीच्या वाटेला लागतात.

या तीन दिवसांत गावोगावच्या कीर्तनांतून श्राद्धाची कथा हमखास सांगितली जाते. नाथांच्या घरी पितृश्राद्धाचा स्वयंपाक सिद्ध झाला होता. बाहेरून जाणाऱ्या, तेव्हाच्या समाजाने अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या कुटुंबाला त्या अन्नाचा वास आला. लेकरे हट्ट करू लागली. नाथांनी त्यांना बोलावून पोटभर जेऊ घातले. मग श्राद्धासाठी घर पुन्हा सारवून नवा स्वयंपाक झाला, तरी निमंत्रित ब्रह्मवृंद रुसला, आणि अखेर साक्षात पितर जेवायला उतरले. कीर्तनकार नाथांच्या भूतदयेचे वर्णन करताना रंगून जातात, श्रोत्यांचे डोळे ओलावतात. तथापि या कथेतल्या एका वाक्यावरून आपण सारेच घाईने पुढे जातो. नवा स्वयंपाक झाला, तो केला कोणी?

सोवळ्यातला श्राद्धाचा स्वयंपाक पहाटेपासून रांधून झालेला. वडे तळून झाले, खीर उतरली, आणि मग सारे अन्न दारी आलेल्यांना वाढून टाकून पुन्हा पहिल्यापासून चूल पेटवायची. गिरिजाबाईंनी ती पेटवली. नुसती पेटवली नाही; त्या भुकेल्यांना बोलवावे आणि तृप्त होईपर्यंत वाढावे ही इच्छा त्यांचीही होती, असे परंपरा सांगते. दया नाथांची खरी, पण तिची किंमत त्या दिवशी त्या घरात दोघांनी मोजली. तिचा मोठा वाटा चुलीपुढे बसलेल्या बाईने मोजला, असे म्हटले तर नाथांचा अधिक्षेप होईल असे मला वाटत नाही.

हे सारे आज आठवण्याचे कारण एक वृद्ध दांपत्य. गोदाकाठच्या एका मठाच्या अन्नछत्रात गेली सहा वर्षे ही दोघे सेवा करतात. गृहस्थांचे वय चौऱ्याहत्तर, पत्नीचे एकोणसत्तर. ते टपालखात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांना सारे अण्णा म्हणतात आणि त्यांना काकू. नावे छापलेली त्यांना रुचणार नाहीत, म्हणून देत नाही.

पहाटे चारला काकू उठतात. स्नान, तुळशीला पाणी, मग पाचचा काकडा. काकड्याला अण्णा टाळ धरतात. काकूंचा आवाज अजून खणखणीत आहे. चहा मठाच्या मुदपाकखान्यात, पितळी पेल्यातून, सर्वांबरोबर. साडेसहाला अण्णा आपल्या जागी बसतात. ती जागा म्हणजे देवडीलगतची पादत्राणे ठेवण्याची खोली. आरंभी व्यवस्थापकांनी त्यांना देणगीच्या खिडकीवर बसवले होते. शिकलेला, हिशेबी माणूस, सरकारी नोकरीत मुरलेला. अण्णांनी महिन्याभरात हात जोडले आणि चपलांची खोली मागून घेतली. चाळीस वर्षे खिडकीच्या आत बसून लोकांचे पैसे मोजले, आता लोकांच्या पायांशी बसू द्या, असे त्यांचे म्हणणे. पत्र्याचे बिल्ले त्यांनी स्वतः घासून त्यांवर नव्याने आकडे घातले आहेत. टपालाची छाननी करावी तशा जोड्या खणाखणांतून लावलेल्या असतात. सहा वर्षांत एकही जोड हरवली नाही हे ते सांगतात, तेव्हा त्यांच्या स्वरात थोडा अहंकार असतो. असू द्यावा.

काकूंची वाट इतकी सरळ नव्हती. पहिल्या दिवशी त्यांना कोणी काही विचारलेच नाही. अण्णांना चार पर्याय दिले गेले, आणि काकूंना, त्या बाईमाणूस म्हणून, थेट भाजी चिरायला विळीवर बसवले. व्यवस्थापकांच्या मनात वाईट काही नव्हते. बायकांना स्वयंपाकघरात करमते, असा त्यांचा प्रामाणिक समज. काकूंनी दीड वर्ष भाजी चिरली. त्या मला एकदा म्हणाल्या, “हे निवृत्त झाले तेव्हा यांना हार घातला, श्रीफळ दिलं. मी त्याच हातानं घरी येऊन भात टाकला. इथं आले, तर इथंही विळीच. फक्त भाजीचा ढीग मोठा.” तक्रारीचा सूर नव्हता. त्या हसत होत्या, पण मला हसू आले नाही.

जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या या बाईने मग एके दिवशी कोठीची वही मागितली. कोठी म्हणजे अन्नछत्राचा प्राण. किती पाने उठली, किती तांदूळ काढला, किती उरले, कोणत्या तिथीला गर्दी वाढते आणि कोणत्या तिथीला ओसरते, हे सारे तिथे ठरते. थोडी कुरकुर झाली, पण वही मिळाली. आज शंभर पानांना दहा किलो तांदूळ, चार किलो तूरडाळ हा त्यांचा अदमास आहे. पोळ्या असतील त्या दिवशी तांदूळ निम्मा. एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी, आणि द्वादशीला पारण्यासाठी पाने नेहमीपेक्षा लवकर व अधिक. पावसाळ्यात शेतीची कामे चालू असताना पंचक्रोशीतील माणूस कमी येतो, सुगी झाली की वाढतो. त्यांची वही चाळताना मला त्या मुलखाच्या सुखदुःखाचे पंचांग वाचल्यासारखे वाटले. अन्न वाया जाणे जवळजवळ थांबले आहे. विळीवर त्या अजूनही बसतात, तासभर, आपखुशीने. फरक एवढाच की आता कोणी बसवलेले नसते.

दुपारी पंगती उठल्यावर शेवटच्या पंगतीला सेवेकरी बसतात. अण्णा आणि काकू समोरासमोर बसतात. ज्या बाईने पन्नास वर्षे सर्वांना वाढून शेवटी एकटीने जेवण केले, तिच्या पानात आता दुसरे कोणी वाढते, आणि ‘आणखी घ्या’ म्हणते. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी इथे राहीन, असे काकू म्हणतात. मग तास-दीड तास विश्रांती, पोथी, संध्याकाळी हरिपाठ, आणि रात्री नऊला शेजारती. राहायला दहा बाय दहाची एक खोली. ती मिळवायलाही अण्णांना विनवण्या कराव्या लागल्या, कारण मठात पुरुषांचा ओटा वेगळा, बायकांचा वेगळा. एकमेकांना रात्री औषधाची गोळी कोण देणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

लोक काय म्हणतात हेही लिहिले पाहिजे. मुलाने घराबाहेर काढले असेल, अशी कुजबूज गावी झाली. मुलाला ती झोंबली. तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, आईवडिलांनी आपल्याजवळ राहावे असे त्याला मनापासून वाटते. सूनही नोकरी करते, नातू लहान आहे. आजी घरी असती तर मुलाला पाळणाघरात ठेवावे लागले नसते, हे ती बोलून दाखवते, आणि त्यात खोटे काय आहे? दर रविवारी दूरध्वनी येतो. नातू विचारतो, आजी कधी येणार. त्या दिवशी कोठीच्या वहीत बेरजा चुकतात, हे मला काकूंनीच सांगितले.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात असे सांगितले आहे की, गृहस्थाने अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पांढरे केस पाहिले, अपत्याचे अपत्य पाहिले, की वनाकडे निघावे. पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर घेऊन जावे. ज्या नातवाच्या दर्शनाने स्मृतिकारांनी वनाची वाट दाखवली, तोच नातू आज आजीला पुन्हा पाळण्याच्या दोरीकडे बोलावतो. तिला काय हवे, हे स्मृतीनेही विचारले नाही आणि आपणही विचारत नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य संसारातून निघताना मालमत्तेची वाटणी करू लागतात, तेव्हा मैत्रेयी विचारते की, या धनाने मी अमर होईन काय? नसेन, तर ते घेऊन काय करू? तिला उत्तर मिळाले, कारण तिने प्रश्न विचारला. आपल्या घरातील किती मैत्रेयींना तो विचारण्याची सवड मिळते?

मुलाचा राग मी चुकीचा म्हणत नाही. नाथांच्याच घरी हे घडले होते. पुत्र हरिपंडित हे मोठे शास्त्री. वडिलांचे प्राकृतात पुराण सांगणे आणि कोणाच्याही घरी जेवणे त्यांना मानवले नाही. ते बायकोमुलांसह काशीला निघून गेले. पैठणच्या वाड्यात वयाने उतरलेले आईबाप उरले. नाथ समजूत घालून त्यांना परत घेऊन आले तेव्हा हरिपंडितांनी दोन अटी घातल्या: प्राकृतात सांगायचे नाही, परान्न घ्यायचे नाही. नाथांनी त्या मान्यही केल्या. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या एका गरीब वृद्धेच्या घरी एकट्या नाथांना जेवायला घालून, त्यांचे उष्टे पान हरिपंडितांनी उचलले, तर त्याखाली दुसरे, त्याखाली तिसरे, अशी सहस्र पाने निघाली आणि पुत्राचा अभिमान गळाला, अशी ती कथा आहे. मला त्या कथेत चमत्काराइतकेच मधले दिवस महत्त्वाचे वाटतात. मुलगा रुसून दूर गेलेला, अंगण दिवसभर अतिथींनी भरलेले, आणि गिरिजाबाई वाढत असलेल्या. त्या दिवसांविषयी कोणी लिहिलेले नाही.

शेगावचे शुभ्रवस्त्रधारी सेवेकरी आपण पाहिले आहेत. कन्याकुमारीचे विवेकानंद केंद्र १९७२ मध्ये स्थापन झाले, तिथे जीवनव्रतींच्या जोडीला वानप्रस्थी कार्यकर्त्यांचीही प्रथा आहे. गाडगे महाराजांनी बांधलेल्या धर्मशाळा तर अशा हातांवरच चालल्या. वानप्रस्थ संपला असे म्हणणाऱ्यांनी ही स्थाने पाहून यावीत. पण संस्थांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. जोडप्याला सेवेत घेता, तेव्हा दोघांना वेगवेगळे विचारा. सत्तरीच्या माणसाच्या कामाचे तास ठरवून द्या. भक्तीच्या भरात तो स्वतः ते ठरवणार नाही. आणि दोघांपैकी एक अंथरुणाला खिळला तर काय, याचा विचार त्यांना खोली देतानाच करा. गेल्या वर्षी अण्णांच्या खुब्याचे हाड मोडले. काकूंनी तीन महिने त्यांचे सारे केले, कोठी सांभाळून. मठाने खोली काढून घेतली नाही हे खरे, पण ती राहील असे स्पष्टपणे कोणी सांगितलेही नाही. नव्वद दिवस काकू त्या शब्दाची वाट पाहत होत्या. सेवा निष्काम असावी हे सेवेकऱ्याला शोभते. सेवा घेणाऱ्या संस्थेने तो श्लोक स्वतःच्या सोयीसाठी वापरू नये.

दक्षिणेश्वरी नौबतखान्याच्या तळातील एका चिमुकल्या खोलीत राहून शारदादेवी ठाकुरांचा व त्यांच्या भक्तांचा स्वयंपाक करीत. १८८६ मध्ये ठाकूर गेले. त्यानंतर १९२० पर्यंत, चौतीस वर्षे, त्याच शारदादेवी साऱ्या संघाची माता होत्या. स्वयंपाकघराच्या अंधारात त्या काळात काय साठत गेले होते, हे बाहेरच्यांना तेव्हा कळले नव्हते.

अण्णा आता काठी घेऊन चपलांच्या खोलीत बसतात. खालच्या खणांतील जोड्या एक शाळकरी पोरगा काढून देतो. या माघात मठाच्या सेवेकऱ्यांची यादी नव्याने लिहायला घेतली, तेव्हा कारकुनाने सवयीप्रमाणे अण्णांचे नाव लिहून पुढे ‘व सौ.’ असे जोडले. काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांनी ते खोडायला लावले. कारकून गोंधळून अण्णांकडे पाहू लागला. अण्णा म्हणाले, “त्यांनाच विचारा.” यादीत आता अण्णांच्या खाली एक वेगळी ओळ आहे. तीत काकूंचे पूर्ण नाव आहे, आणि सेवेच्या रकान्यात ‘कोठी’.