स्कॅनला गाठीचं नाव विचारू नका

‘‘डॉक्टर, पेट स्कॅनसुद्धा झाला. आता कसला कॅन्सर आहे ते सांगून टाका.’’ साताऱ्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना रुग्णांचे नातेवाईक मला हे नेहमी म्हणतात. मला त्यांना सांगावं लागतं, की गाठ कुठे आहे आणि किती पसरली आहे एवढंच स्कॅन सांगतो. ती कसली आहे, ते तुकडा तपासल्यावरच ठरतं.

घास उतरत नाही म्हणून आलेल्या रुग्णाच्या बेरियम तपासणीत अन्ननलिका बहुधा एका जागी अरुंद आणि खडबडीत दिसते. आपल्याकडे तो बहुतेकदा स्क्वॅमस कॅन्सर निघतो. क्वचित मात्र नलिका फुगलेली असते, आत मोठी गाठ लोंबत असते आणि तिच्या कडेनं बेरियम खाली उतरत असतं. हा मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, असू शकतो. अन्ननलिकेच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. पण कार्सिनोसार्कोमा हा वेगळा कर्करोगही हुबेहूब असाच दिसतो.

तुकड्यातही चकवा असतो. मेलॅनोमा काळाच असतो असं नाही. रंगद्रव्य नसलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली साध्या कार्सिनोमासारखी दिसते. एस-१००, एचएमबी-४५, मेलान-ए या खुणा शोधणारी आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) चाचणी केली, तरच ती ओळखू येते. मग त्वचा आणि डोळे तपासावे लागतात, कारण मूळ गाठ तिथेही असू शकते. नाव बदललं की उपचारही बदलतात. मेलॅनोमात शस्त्रक्रिया आणि इम्युनोथेरपीचा विचार होतो, तर स्मॉल सेल या आणखी एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपी आणि रेडिएशनवर भर असतो.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की स्कॅनमधलं चित्र आणि तुकड्याचा रिपोर्ट यांचा मेळ बसत नसेल, तर आयएचसी झाल्याशिवाय केमो सुरू करू नये. तुकड्यासोबतच्या फॉर्मवर नुसतं ‘अन्ननलिका, बायोप्सी’ एवढंच लिहून भागत नाही. दुर्बिणीत काय दिसलं, सीटीत काय दिसलं, हे चार ओळींत लिहिलं तर पॅथॉलॉजिस्टला योग्य चाचणी निवडता येते. त्या चार ओळींना पैसे पडत नाहीत. आयएचसीला पडतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी खर्चापायी ती टाळली जाते. पण चुकीच्या केमोचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो, आणि त्यात गेलेला वेळ भरून निघत नाही.

नातेवाइकांनीही स्कॅनच्या फिल्म जपाव्यात, तसा तुकड्याचा मेणातला ब्लॉकही मागून घ्यावा आणि जपावा. दुसऱ्या रुग्णालयाचं मत घ्यायचं झालं, तर त्याच ब्लॉकवर पुन्हा तपासणी करता येते.