पूक्को : कपाटात की हातात?

फिनलंडमधील लोक कमरपट्ट्याला जी लहान सुरी अडकवतात तिला 'पूक्को' म्हणतात. पाते वीतभरही नसते, मूठ भूर्जाच्या लाकडाची, किंवा भूर्जसालीच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली, म्यान चामड्याचे. असे पूक्को हौसेने जमवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण कपाटातला पूक्को निम्माच कळतो.

उरलेला निम्मा तो घडवताना कळतो. लोहार तापलेल्या पात्याला लोहचुंबक लावून पाहतो. ते चिकटेनासे झाले, की तापमान सुमारे ७७० अंश सेल्सिअसपलीकडे गेले! आणखी थोडे तापवून पाते तेलात बुडवतात. आता ते कठीण झाले, पण ठिसूळही. म्हणून पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत तापवतात. तेव्हा पात्यावर फिकट पिवळा रंग चढतो. तो ऑक्साइडच्या पातळ थरामुळे होणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणाचा. हेच व्यतिकरण मी वर्गात खडूने शिकवतो, आणि मुले जांभया देतात.

फिनलंडने उनो सिग्नेयस यांच्या आग्रहाने १८६६ मध्येच शाळांत हस्तकाम आणले. आपल्याकडे लगेच विचारतील, "मुलांच्या हाती सुरी?" अहो, बोथट सुरीला जोर जास्त लावावा लागतो, म्हणून तीच घसरते. पूक्कोची उतरती बाजू दगडावर सपाट टेकवली की धारेचा कोन आपोआप साधतो, नवशिक्यालाही जमते. शिक्षकांनी मात्र शेजारी बसावे. आणि कामाशिवाय सुरी चारचौघांत बाळगणे फिनलंडच्या कायद्यालाही मंजूर नाही, हे त्याच तासाला सांगावे.