मृगाआधीची आवराआवर

घर आवरायचं म्हटलं की हल्ली दोन नियम हमखास ऐकायला मिळतात. वर्षभर जी वस्तू वापरली नाही ती काढून टाका, हा पहिला. दुसरा जपानच्या मारी कोंडो यांच्या २०११ सालच्या पुस्तकातून जगभर गेला: हातात घेतल्यावर आनंद देते तीच वस्तू ठेवा. नोकरदाराच्या फ्लॅटला हे नियम पुरतात. मराठवाड्यातल्या हिमायतनगरसारख्या गावात शेतकऱ्याचं घर मात्र राहण्यापुरतं नसतं. ऑक्टोबरात तिथं सोयाबीन येतं, दिवाळीच्या आसपास कापूस, उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद. २०२२ मध्ये कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तो पुन्हा येईल या आशेवर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मराठवाड्यात आणि विदर्भात कित्येकांनी कापूस राहत्या खोलीत ठेवला. भाव आला नाही आणि घरातल्या लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली. जुन्या माळवदाच्या घरात अशा मालासाठी बळद होतं, कणगी होती, ढेलज होती. आज घरकुल योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. माल तेवढाच येतो, त्याची जागा मात्र गेली. या घरातल्या पसाऱ्याला हौस किंवा आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून काय ठेवायचं हे ठरवताना इथं वेगळा प्रश्न विचारायला हवा: ही वस्तू गेली तर पुन्हा मिळेल का? कागदांचंच घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्याचं काम आलं आणि घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. आजोबांच्या काळातला उर्दू किंवा मोडी कागद कुणी वर्षभरात वापरलेला नसतो, तो हातात घेऊन आनंदही होत नाही, कारण तो वाचताच येत नाही. तरी शाळेचा जुना दाखला, खासरा पत्रकाची नक्कल, वाटणीचा कागद एकदा रद्दीत गेला की तहसीलच्या खेपा घालूनही मिळेलच असं नाही. असे कागद एका पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच, प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. बाकीची रद्दी खुशाल द्यावी. तुटका कूलर, झाकण नसलेले डबे, लग्नात आलेले चौथे-पाचवे डिनर सेट, फाटकी पोती हे सगळं पुन्हा मिळतं. ‘लागेल कधीतरी’ म्हणून या वस्तू जपणाऱ्या माणसाला मी हसणार नाही. ज्या घरानं दुष्काळ पाहिला त्याला वस्तू टाकणं जड जातं. पण त्या वस्तू अडवतात ती जागा घरच्या बियाण्याची असते, हेही त्यानं पाहावं.

सोयाबीनचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही, घरचं राखता येतं. मात्र त्याची साल नाजूक असते. पोतं आपटलं, थप्पी उंच झाली किंवा फरशीची ओल लागली की उगवण गेलीच. खाली लाकडी फळ्या टाकून, भिंतीपासून सुटी, ठेंगणी थप्पी लावायला कोरडा कोपरा लागतो. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि सत्तर उगवले तर बियाणं पेरावं. फवारणीच्या उरलेल्या औषधाला मात्र राहत्या घरात जागा असू नये, माळ्यावर नाही आणि पलंगाखाली तर नाहीच. ते बाहेर, कुलपाच्या पेटीत. रागाच्या किंवा निराशेच्या क्षणी हाताशी असलेल्या डब्यानं आपल्याकडची किती माणसं नेली आहेत.

विकायच्या मालाचं काय? कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, हळद बाजार समितीच्या गोदामात ठेवली की किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजानं. वाहतूक आणि हमालीचा खर्च आहे, हा आक्षेप खरा आहे. पण घरातल्या उंदीर-घुशींनी नेलेलं, ओलीनं काळं पडलेलं धान्य आणि चार महिने गेलेली खोली हाही खर्चच आहे, तो फक्त कुठं लिहिला जात नाही.

राहता राहिली वेळ. आपल्याकडे मोठी आवराआवर घटस्थापनेच्या आधी होते आणि दोन-तीन आठवड्यांत सोयाबीनची पोती पुन्हा त्याच खोलीत येतात. घर खरं रिकामं असतं ते वैशाखात. हळद निघालेली असते, कापूस बहुतेक विकलेला असतो, मृगाला अवकाश असतो. उन्हाचा आक्षेप रास्त आहे, म्हणून काम सकाळी दहापर्यंतच करावं, आठ-पंधरा दिवस पुरवून. नवरात्राआधी मग धुणं-पुसणं तेवढं उरेल. थप्पी पुरुष लावतात, तिच्याभोवती वर्षभर झाडते ती घरची बाई. तेव्हा येत्या हंगामातली पोती कुठल्या भिंतीला लागतील आणि किती गोदामात जातील, हे वैशाखातच, तिला विचारून ठरवावं.